गुडघा कशासाठी बदलायचा?

बालाघाट आणि लांजी यांच्यामधल्या किरनापुरच्या पट्ट्यात डोंगर चढायची हौस आणि देवाची ओढ या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. माघ पौर्णिमेला शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांकडे गोंड समाजाचे लोक दुरून दुरून येऊन चढतात. नवरात्रात छत्तीसगडातल्या डोंगरगडला बम्लेश्वरीच्या हजारावर पायऱ्या असतात. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेतलेल्या माणसांची रीघ लागते, त्यांत विदर्भातले आणि लगतच्या जिल्ह्यांतले लोक मोठ्या संख्येनं असतात. नागपंचमीच्या दिवसांत त्याच डोंगरांतली नागद्वारीची वाट, तीही भर पावसात. आणि बालाघाट जिल्ह्याच्या उत्तरेला मंडला लागलं की नर्मदामाईचे परिक्रमावासी भेटतात. पुण्या-मुंबईचा माणूस ज्याला ट्रेक म्हणेल त्याला इथं यात्रा म्हणतात. चढ तोच असतो आणि गुडघाही तोच झिजतो. म्हणून साठीच्या आसपास डॉक्टर एक्स-रे दाखवून सांगतात की कूर्चा संपली आहे, हाडावर हाड घासतंय, तेव्हा उभा राहणारा प्रश्न नुसता वैद्यकीय राहत नाही. ज्याची भक्ती पायांत आहे त्यानं पायाचं काय करावं, असा तो प्रश्न असतो. त्याला दोन उत्तरं तयार मिळतात. एक म्हणतं, देवानं दिलेलं शरीर आहे, भोग आहे तो भोगावा, लोखंड कशाला घालून घ्यायचं. दुसरं म्हणतं, आता सगळेच करतात, करून टाका, पुढच्या वर्षी पुन्हा चढाल. मला या दोन्हींत चूक दिसते. माझं म्हणणं असं की डोंगरासाठी गुडघा बदलू नये, रोजच्या जगण्यासाठी बदलावा. आणि रोजच्या जगण्यासाठी बदलायची वेळ आली, की धर्माचं नाव पुढे करून थांबू नये.

शरीरात परकी वस्तू बसवणं धर्माला मान्य नाही, ही शंका आधी मिटवता येते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेची कथा सूचित केली आहे: रात्रीच्या लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी पाय बसवला, म्हणजे ती पुन्हा धावू शकेल. काही अभ्यासक विश्पला ही शर्यतीची घोडी होती असं मानतात. तसं असलं तरी मुद्दा बदलत नाही. देवांचे वैद्य धातूचा पाय लावतात आणि सूक्तकार त्याबद्दल त्यांची स्तुती करतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात माणसाच्या तीन एषणा सांगितल्या आहेत, त्यांत जगण्याची एषणा पहिली, धनाची दुसरी आणि परलोकाची तिसरी. परलोकाला जाण्याच्या घाईत प्राणाची हेळसांड करावी असं तो ग्रंथ म्हणत नाही. भोग भोगूनच संपवायचा असतो हे म्हणणारा माणूस मोतीबिंदू झाला की डोळ्यात भिंग बसवून घेतो, दात पडले की कवळी लावतो, आणि त्या वेळी त्याला प्रारब्ध आठवत नाही. गुडघ्यापाशीच ते आठवत असेल तर त्यामागे भीती असण्याची शक्यता जास्त. गीतेच्या अठराव्या अध्यायात याचा विचार आहे. शरीराला त्रास होईल या भयानं जे सोडून दिलं जातं तो राजस त्याग, आणि त्याला त्यागाचं फळ मिळत नाही, असं तिथं स्पष्ट सांगितलं आहे. ऑपरेशनच्या टेबलाला घाबरून नाही म्हणणाऱ्यानं त्या नकाराला वैराग्य म्हणू नये.

तरीही एक आक्षेप असा आहे की तो इतक्या सहज बाजूला सारता येत नाही, कारण तो गांधीजींच्या आयुष्यातून येतो. १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी डॉक्टरांवर आणि इस्पितळांवर कठोर टीका केली होती. पुढे येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स बिघडलं आणि जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. नंतर कुणी विसंगतीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सारवासारव केली नाही. शस्त्रक्रियेला संमती देणं ही आपल्या मनाची दुर्बलता होती, अहंकार पूर्ण गेला असता तर जे होणार ते स्वीकारलं असतं, पण याच देहात जगायची इच्छा होती, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. या कबुलीचा आधार घेऊन कुणी म्हणेल की बघा, शस्त्रक्रिया म्हणजे आसक्ती. मला त्यातून वेगळं काही शिकण्यासारखं वाटतं. गांधीजींनी त्या वेळी आपल्या मनाची खरी अवस्था ओळखली आणि तिला साजेसा निर्णय घेतला. नसलेल्या अनासक्तीचं सोंग आणून ते इस्पितळाबाहेर मरून गेले नाहीत. देहाविषयीची ओढ ज्याची खरोखर गळून पडली आहे त्याचा नकार खरा. बाकीच्यांनी आपली इच्छा आहे ती आहे म्हणून मान्य करावी आणि मग ती इच्छा नेमकी कशाची आहे ते तपासावं. चालून विहिरीवर जाण्याची, रात्री झोप लागण्याची, की पुन्हा एकदा चौरागड चढून दाखवण्याची? या इच्छा एका तोलाच्या नाहीत, आणि शस्त्रक्रिया त्या सगळ्या सारख्याच प्रमाणात पुऱ्याही करत नाही.

म्हणून शस्त्रक्रियेत काय घडतं ते नीट पाहायला हवं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक काही मिलिमीटर कापून सपाट करतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमियमची गोलसर टोपी बसते, नडगीच्या हाडावर बहुधा टायटॅनियमची बैठक, आणि मधे पॉलिथिलीनचा एक जाड तुकडा. गेलेल्या कूर्चेचं काम यापुढे तोच करणार असतो. या रचनेचा आजच्या काळातला पाया १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये घातला गेला, आणि तो घालणाऱ्यांत जॉन इन्सॉल यांच्याबरोबर डॉ. चित्तरंजन राणावत होते: मध्य प्रदेशातल्या सरवानियाचे, इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलेले. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे त्यांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले, एक २००० साली आणि दुसरा २००१ साली. ही शस्त्रक्रिया भारतात घरोघर माहीत झाली ती तेव्हापासून. तिचं यश खरं आहे. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. पण त्याच नियतकालिकात २०१७ साली आलेल्या ब्रिटिश अभ्यासानं दुसरी बाजू मांडली. सत्तरीनंतर गुडघा बदलला तर उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा उघडावा लागण्याचा संभव ५ टक्क्यांच्या आसपास असतो. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांत तो ३५ टक्क्यांपर्यंत जातो. दुसऱ्यांदा केलेली शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते आणि तिचा निकालही पहिलीइतका चांगला येत नाही. शिवाय निरनिराळ्या देशांत विचारपूस झाली तेव्हा साधारण पाचातला एक रुग्ण आपण समाधानी नाही असं सांगतो. या सगळ्यांची शस्त्रक्रिया फसलेलीच असते असं नाही. अनेकांच्या बाबतीत अपेक्षाच चुकीच्या जागी बांधलेली असते.

अपेक्षा चुकीच्या जागी बांधली जाते ती बहुधा डोंगरावरच. बर्लिनच्या संशोधकांनी बदललेल्या गुडघ्यांतच मोजणी करणारी यंत्रं बसवून भार मोजला होता. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून जास्त भार येतो, पायऱ्या चढताना तो तिपटीच्या वर जातो आणि उतरताना सर्वांत जास्त, साडेतीन पटींच्या जवळपास. साठ किलोचा माणूस डोंगरगडची एकेक पायरी उतरताना गुडघ्यावर दोनशे किलोंहून जास्त भार झेलत असतो, आणि अशा पायऱ्या हजारावर. नव्या गुडघ्यानं हे अजिबात करू नये असं कुणी म्हणत नाही. सपाट वाटेवरची पायपीट, सायकल, पोहणं यांना डॉक्टर आनंदानं परवानगी देतात. धावणं आणि उड्या टाळायला सांगतात. खडकाळ उतारावर काठी घ्या आणि बेतानं जा म्हणतात. पण त्यातून ‘पूर्वीसारखा डोंगर’ मिळेलच असं कोणताही प्रामाणिक शल्यविशारद सांगणार नाही. आणि एक गोष्ट जाण्याची शक्यता असते, तिचा विचार यात्रेकरू क्वचितच करतो. नव्या गुडघ्याचा वाक बहुतेकांत ११० ते १२५ अंशांच्या आसपास थांबतो. उकिडवं बसायला, मांडी घालून भजनाला बसायला, जमिनीवर गुडघे टेकून देवापुढे डोकं ठेवायला यापेक्षा जास्त लागतो. चौरागडच्या शंकरासाठी गुडघा बदलला आणि घरच्या देव्हाऱ्यापुढे खुर्ची घेऊन बसावं लागलं, असं होऊ शकतं. रोजच्या वेदनेपायी बदलला असेल तर ही खुर्ची आनंदानं स्वीकारली जाते. डोंगरासाठी बदलला असेल तर ती रोज बोचते.

याच कारणानं निर्णयाचं कारण घरात आणि शेतात शोधावं असं मी म्हणतो. किरनापुरकडचा भाग धानाचा आहे. रोवणीच्या दिवसांत बाई पऱ्ह्यांची पेंढी एका हातात धरून बांधीत वाकलेली असते आणि मागे मागे सरकत असते. चिखलात पोटरीपर्यंत रुतलेला पाय उपसताना तळवा जागीच अडकून राहतो आणि मांडी वळते. ती पिळवट सोसतो तो मधला सांधा. हे दिवसभर, आठवडेच्या आठवडे, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून. गुडघे वाकवून आणि ओझी उचलून करायच्या कामांचा या झिजेशी संबंध आहे हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे, आणि हा आजार बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळतो हेही. या बाईच्या बाबतीत प्रश्न विचारायचे ते असे: रात्री दुखण्यानं जाग येते का, संडासला बसून उठता येतं का, बाजाराला जाऊन परतता येतं का, औषधं आणि व्यायाम मनापासून करूनही हे तसंच आहे का. उत्तरं वाईट असतील तर शस्त्रक्रियेची वेळ झाली आहे, मग तिनं आयुष्यात कधी डोंगर चढलेला नसो. आणि उत्तरं बरी असतील, दुखतं ते फक्त चढ-उतारावर, तर वेळ झालेली नाही, मग तिच्या नवऱ्यानं आजवर किती गड पाहिले आहेत याला महत्त्व नाही. सोसण्याचं पुण्य घराघरांत कुणाच्या वाट्याला जास्त येतं, हे इथं बोलायलाच हवं. बाई दहा वर्षं लंगडत चूल सांभाळते तेव्हा तिच्या सोशिकपणाचं कौतुक होतं, आणि तिच्या उपचाराचा खर्च पुढच्या हंगामावर ढकलला जातो. त्या कौतुकाला अध्यात्माचा आधार देऊ नये. तप ज्याचं त्यानं निवडायचं असतं. दुसऱ्यावर लादलेल्या दुःखाला ते नाव शोभत नाही. खर्चाची सबबही पूर्वीइतकी उरलेली नाही: ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरवली. आयुष्मान कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे.

यावर खरा भक्त मला अडवेल. डोंगर ही माझी हौस नाही, तो म्हणेल. तोच माझा जप आहे, तीच माझी पूजा, आणि ती थांबली तर माझ्या रोजच्या जगण्यातलं सर्वांत मोलाचं तेच थांबलं. हा आक्षेप मी मनापासून घेतो, कारण चालणं ही आपल्या परंपरेत साधना आहेच. पण त्याच परंपरेनं चालणं थांबण्याचाही विचार केला आहे. विनोबांचंच बघा. १९५१ च्या एप्रिलात पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली आणि त्यानंतर १३ वर्षं हा माणूस गावोगाव पायी फिरला. त्यांच्याइतकं चाललेला माणूस त्या शतकात क्वचितच असेल. त्यांनीच १९६६ मध्ये सूक्ष्मप्रवेश जाहीर केला आणि १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारला, धाम नदीकाठी, एका जागी राहायचं ठरवलं. पायांत असलेलं सगळं काम त्यांनी आतल्या कामाकडे वळवलं, आणि त्यामुळे त्यांच्या साधनेत उणेपण आलं असं कुणी म्हटलं नाही. वारकऱ्यांची कूर्मदासाची कथा याहून थेट आहे. हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून सरपटत पंढरीला निघाला आणि माढा तालुक्यातल्या लऊळपाशी त्याची शक्ती संपली. वारी पुरी झाली नाही. विठ्ठल त्याला भेटायला लऊळला आला, आणि म्हणूनच त्याचं मंदिर तिथं आहे. कथेत देवाला कूर्मदासाला पाय देता आले असते. देवानं पाय दिले नाहीत, अंतर कमी केलं. कुमारसंभवात बटूच्या वेषात आलेला शिव घोर तप करणाऱ्या पार्वतीला विचारतो तेही हेच: हे सगळं तू आपल्या शक्तीच्या बेतानंच करते आहेस ना? कारण धर्म साधायचं पहिलं साधन शरीर, असं तो तिला सांगतो. ज्या देवासाठी चौरागड चढायचा, त्याच देवाच्या तोंडी कवीनं हे घातलं आहे.

कूर्मदासाची गोष्ट मी वापरली तर ती उलटून माझ्यावर येऊ शकते, हे मला दिसतं. पायांशिवाय देव भेटतो तर रोजच्या वेदनेसाठी तरी शस्त्रक्रिया कशाला, असं कुणी विचारील. फरक असा की देवाची भेट पायांवर अवलंबून नाही, पण झोप, शौच आणि शेतातलं काम पायांवर अवलंबून आहे. पहिल्या गोष्टीत शरीराला पर्याय आहे, दुसरीत नाही. जिथं पर्याय आहे तिथं परत न फिरवता येणारं पाऊल टाकायची घाई करू नये. कापलेलं हाड पुन्हा लावता येत नाही. गीतेच्या त्याच अठराव्या अध्यायात तामस कर्माची व्याख्या आहे: परिणाम, हानी, इजा आणि आपली कुवत यांचा विचार न करता मोहानं हाती घेतलेलं काम. दुखऱ्या गुडघ्यानं हट्टानं नागद्वारीला जाणं त्यात बसतं, आणि केवळ नागद्वारीसाठी पंचावन्नाव्या वर्षी निरुपायाशिवाय गुडघा बदलणंही.

शिवाय डोंगरासाठी करण्यासारखं बरंच काही सुरीच्या अलीकडे आहे, आणि ते फुकाचा दिलासा म्हणून सांगण्याची गोष्ट नाही. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांचे दोन गट करून एक चाचणी झाली, २०१५ साली ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. एका गटाला शस्त्रक्रिया आणि नंतर व्यायाम, आहार, शिकवण असा कार्यक्रम. दुसऱ्याला फक्त तो कार्यक्रम. वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटाची सुधारणा दुप्पट दिसली, हे मान्य करावंच लागेल. पण दुसरा गटही बराच सुधारला होता, त्यातल्या ५० पैकी १३ जणांनाच वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, आणि गंभीर त्रासाच्या घटना पहिल्या गटात २४ तर दुसऱ्यात ६ होत्या. वजनाचंही तसंच. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे मोजून दाखवलेलं आहे. मांडीचे स्नायू बळकट करणं, वजन उतरवणं, दोन्ही हातांत काठ्या घेणं, उतरताना मुक्काम वाढवणं, एका दिवसाची यात्रा दोन दिवसांत करणं: ज्याला डोंगराची खरी ओढ आहे त्याची ओढ इथं कसाला लागू द्यावी. सहा महिने रोज अर्धा तास कंटाळवाणा व्यायाम करायची तयारी नसलेला माणूस शस्त्रक्रियेनंतरचा व्यायामही करत नाही, आणि नव्या गुडघ्याचा निकाल त्या व्यायामावरच ठरतो. डोंगरगडला रोपवे आहे. त्यानं वर जाऊन दर्शन घेणाऱ्याची यात्रा कमी प्रतीची, असं मानणारे आहेत. त्यांनी लऊळची कथा पुन्हा ऐकावी.

आणि जिथं शस्त्रक्रिया करायचीच, तिथं ती घरच्या वेळापत्रकात बसवावी लागते. पहिले दीड-दोन महिने उठायला, न्हायला, व्यायामाला कुणाचा तरी हात लागतो, आणि तो बहुधा सुनेचा किंवा लेकीचा असतो. रोवणीत किंवा धानाच्या कापणीत तो मोकळा नसतो. त्यामुळे कापणी-मळणी उरकल्यानंतरचे दिवस बरे, गोंदिया-नागपूरच्या फेऱ्यांनाही आणि घरच्यांनाही. दोन्ही गुडघे झिजलेले असतील तर, डॉक्टरांना दोन्ही एकदम करण्याचं वैद्यकीय कारण दिसत नसेल तेव्हा, एकाच वेळी होकार देऊन टाकू नये. एक झाला की दुसऱ्यावरचा भार बदलतो, चालण्याची ढब सुधारते, आणि कित्येकदा उरलेला गुडघा अपेक्षेपेक्षा बरा निघतो. वाजपेयींच्या दोन शस्त्रक्रियांमध्येही काही महिने गेले होते. दुसऱ्या गुडघ्याची वेळ येईल तेव्हा झोपेचे, संडासचे, बाजाराचे तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावेत, आणि पहिला चांगला झाला एवढंच कारण पुरेसं धरू नये.